मॅरोला लागलेलं नख

आम्ही राहायचो ते उपनगर कोणे एके काळी खेडं होतं. मग लेस्टर शहर वाढत वाढत आलं आणि खेड्याला गिळून मोकळं झालं. खेड्यापर्यंत मात्र ही बातमी पोचलीच नव्हती. ऐंशीच्या दशकात आम्ही तिथे घर घेतलं, तेव्हासुद्धा तिथले म्हातारे शहरातल्या बाजारात जायचं म्हटलं की कोट-टोपी चढवून निघायचे आणि परदेशी चालल्यासारखे "टाउनला जाऊन येतो" असं शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून जायचे. बसने गेलं तर पेपर वाचून संपायच्या आत टाउन यायचं.

चर्च, चर्चसमोर पब, पबला लागून चिप्सचं दुकान, त्यापुढे लाल विटांच्या घरांच्या रांगा आणि रांगांच्या टोकाला मोज्यांची बंद पडलेली फॅक्टरी. फॅक्टरीच्या फुटक्या खिडक्यांतून कबुतरं अगदी शिफ्टला आल्यासारखी ये-जा करायची. एवढाच काय तो गावाचा पसारा. इतिहास मात्र थेट रोमन लोकांपासून.

हे मला ठाऊक असण्याचं कारण म्हणजे तिथल्या लायब्ररीत मी अर्धवेळ नोकरी करायचे आणि स्थानिक इतिहास मंडळाची सभा लायब्ररीतच भरायची. खुर्च्या मांडायच्या, चहा करायचा, बिस्किटं संपली की नाराज चेहऱ्यांकडे दुर्लक्ष करायचं, ही कामं माझी. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे तिथल्या शाळेचे रिटायर्ड हेडमास्तर. ते स्लाइड्स दाखवायचे. चर्च डावीकडून, चर्च उजवीकडून, चर्च बर्फात. मग जुनी ट्राम. ट्राम बंद झाली की स्लाइड्स संपायच्या आणि दिवे लागायचे. त्यानंतर गावात काय झालं असं एकदा एका बाईंनी विचारलं, तर हेडमास्तर म्हणाले, "त्यानंतर विशेष काही नाही." त्यानंतर आम्ही आलो होतो. मी बिस्किटांची बशी घेऊन त्यांच्या शेजारीच उभी होते.

गावाचा दुसरा इतिहास आमच्या शेजारच्या म्हातारबुवांकडे होता. हे विधुर. उभा जन्म त्या मोज्यांच्या फॅक्टरीत गेलेला. त्यांच्या इतिहासात चर्च फारसं नव्हतं. कोण कुणाच्या बायकोबरोबर पळालं, पबच्या मालकाने बिअरमध्ये पाणी घातलं तेव्हा त्याला कुणी तळ्यात ढकललं, कुठला पाद्री पिऊन थडग्यांशी बोलायचा, असा सगळा मालमसाला. आम्ही त्या रस्त्यावर राहायला आलो तेव्हा समोरच्या घरांतले पडदे हलले होते, पण बाहेर आले ते एकटे म्हातारबुवा. कुंपणावरून त्यांनी विचारलं, "भाज्या लावता का, मी डक?" लेस्टरात कुणालाही 'मी डक' म्हणतात, म्हणजे 'माझ्या बदका'. बस कंडक्टर माझ्या नवऱ्याला बदक म्हणतो हे सांगलीला पत्राने कळवलं, तेव्हा सासूबाईंना बरेच दिवस त्या कंडक्टरची काळजी वाटत होती.

आता मॅरोचं सांगते, कारण सगळं रामायण त्या मॅरोमुळे झालं.

मॅरो म्हणजे आपल्या दुधीचा गोरा चुलतभाऊ. हिरवा, पट्टेदार, आणि चवीला पाणी. इंग्रज लोक तो खाण्यासाठी लावतात असा माझा समज होता. तो चूक निघाला. रेल्वेच्या बांधामागे काउन्सिलची अलॉटमेंट होती, म्हणजे भाड्याने मिळणारे भाजीच्या मळ्याचे तुकडे. तिथे गावातले सगळे म्हातारे उन्हाळाभर पडीक असायचे. उन्हाळ्याच्या शेवटी चर्चच्या हॉलमध्ये भाज्यांचं प्रदर्शन भरायचं आणि ज्याचा मॅरो सगळ्यांत वजनदार, त्याला चांदीचा कप मिळायचा. त्या कपावर विजेत्यांची नावं कोरलेली होती. अगदी वरती फॅक्टरीच्या पहिल्या मालकाचं, मग त्याच्या मुलाचं, मग कुण्या पाद्र्याचं, मग डॉक्टरचं, आणि त्याखाली हेडमास्तर, हेडमास्तर, पुन्हा हेडमास्तर. म्हातारबुवांचा नंबर कायम दुसरा. त्यांच्या वडलांचाही दुसरा.

"ह्या कपावर मोजे घालणाऱ्यांची नावं आहेत," ते मला म्हणायचे, "विणणाऱ्याचं एकही नाही."

त्यातून त्या वर्षी काउन्सिलने अलॉटमेंटची जमीन घरं बांधायला द्यायचं ठरवलं. म्हणजे प्रदर्शन हे शेवटचंच. त्यानंतर कपावर एक शेवटचं नाव कोरायचं आणि कप लायब्ररीतल्या काचेच्या कपाटात ठेवून द्यायचा, असं ठरलं. म्हातारबुवांना ते शेवटचं नाव आपलं हवं होतं. मार्चपासून त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. वेलाला एकच मॅरो ठेवला होता, बाकीची फळं बोटभर होताच खुडून टाकलेली. त्याच्याखाली गवताची गादी. दुपारी वर ओलं गोणपाट. शेजारी बरणीत साखरेचं पाणी आणि त्यातून लोकरीचा धागा थेट मॅरोच्या देठात. माझ्या नवऱ्याने ते पाहिलं आणि म्हणाला, "आमच्या वॉर्डात पेशंटला एवढी चांगली सलाइन लावत नाहीत."

नवरा शहरातल्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर होता. म्हातारबुवांचा खुबा निकामी झाला होता आणि ऑपरेशनसाठी ते दोन हिवाळे रांगेत होते. अखेर बोलावणं आलं ते नेमकं ऑगस्टात, मॅरो ऐन भरात असताना. ते म्हणाले, मी जाणार नाही. नवरा म्हणाला, आत्ता नंबर सोडलात तर पुढचा मॅरो बघायलासुद्धा चालत येता येणार नाही. शेवटी मॅरोची जबाबदारी आम्ही घ्यायची या अटीवर ते तयार झाले. नवऱ्यानेच त्यांना भूल दिली. भूल चढेपर्यंत ते साखर किती आणि पाणी किती ते सांगत होते. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न विचारला तो गोणपाट ओलं केलं का, हा.

मी सकाळी लायब्ररीत, नवरा हॉस्पिटलात. मग मॅरोकडे कोण बघणार? घरात सासूबाई होत्या.

सासूबाई मे महिन्यात सांगलीहून आल्या होत्या, सहा महिन्यांसाठी. नऊवारी, त्यावर मुलाचं करडं स्वेटर, पायांत मुलाचेच मोजे आणि त्यावर चपला, अशा वेशात त्या गावभर फिरायच्या. इंग्रजी शून्य. त्यावाचून त्यांचं काही अडायचं नाही. खाटकाच्या दुकानात एकदा आत जाऊन, चहूकडे बघून, नाक मुरडून बाहेर आल्या होत्या, तेव्हापासून खाटीक त्यांना लांबून टोपी काढायचा. मळा पाहून मात्र त्यांचा जीव रमला. सांगलीला परसात त्यांचा दुधीचा वेल असायचा आणि अख्ख्या आळीला त्यांच्याकडचे दुधी जायचे. मी त्यांना साखरेचं पाणी दाखवलं, गोणपाट दाखवलं. ह्याला हात लावायचा नाही, फक्त पाणी, असं बजावलं. त्या "बरं" म्हणाल्या. सासूबाईंचं "बरं" म्हणजे तुझं ऐकून घेतलं, एवढंच.

त्यांना तो प्रकार मुळातच पसंत नव्हता. "अगं, हा जून होईल," असं त्या रोज म्हणायच्या. "बिया टणक होतील. साल निब्बर होईल. एवढा मोठा करून करणार काय त्याचं? बसायला घेणार?"

"प्रदर्शनात ठेवणार आहेत ते, आई."

"भाजी काय बघायची वस्तू आहे?"

त्या दिवशी मी दुपारी लायब्ररीतून घरी आले. जेवायला बसले. पानात भाजी होती. दुधीची, हरभऱ्याची डाळ घातलेली, वर ओलं खोबरं. शेजारी सालीची चटणी, तीळ घालून खमंग परतलेली. मी भूक लागल्यासारखी जेवले. दोन पोळ्या झाल्यावर म्हटलं, "आई, बेलग्रेव्ह रोडला गेला होतात का एकट्या? छान कोवळा मिळाला दुधी."

भारतीय भाजी हवी तर बेलग्रेव्ह रोडलाच जायला लागायचं. तिथली सगळी दुकानं गुजरात्यांची.

"कशाला बेलग्रेव्ह रोड?" त्या म्हणाल्या. "आपल्या मळ्यातलाच."

माझा घास हातातच राहिला.

"आज सकाळी नख लावून बघितलं," त्या सांगत होत्या, अगदी समाधानाने. "रुतलं. म्हटलं, आज आहे तो कोवळा, उद्या नसेल. मग कापला. आज बाळ उशिरा निघाला हॉस्पिटलात, त्याच्याबरोबर डबा भरून दिलाय, त्या म्हाताऱ्यासाठी. हॉस्पिटलात उकडलेलं खाऊन खाऊन बिचाऱ्याच्या तोंडाची चव गेली असेल. त्याचीच भाजी, त्याला नको का आधी?"

दुधी घेताना अंगठ्याचं नख लावून बघायचं. नख रुतलं तर कोवळा, नाही रुतलं तर ठेव परत. आपल्याकडच्या बायकांचा हा हात इतका आपोआप जातो की मंडईतले भाजीवाले त्यावरून भांडतात. इंग्रज माणूस मॅरो मऊ फडक्याने पुसतो आणि त्यावर सावली पडली तरी कळवळतो. सासूबाईंनी त्याला अंगठा लावला, परीक्षा घेतली, पास केला आणि चिरला.

मी चपला घालून अलॉटमेंटवर पळाले. का, ते मलाही सांगता येणार नाही. चिरलेला मॅरो काही परत वेलाला लागणार नव्हता. गवताची गादी तशीच होती आणि लोकरीच्या धाग्यातून साखरेचं पाणी मातीत ठिबकत होतं. शेजारच्या वाफ्यातला माणूस खुरपं टाकून माझ्याकडे बघत होता. म्हणजे संध्याकाळपर्यंत पबमध्ये बातमी पोचणार हे नक्की झालं.

संध्याकाळी नवरा घरी आला तो खुशीत. "आई, म्हातारबुवांनी डबा चाटूनपुसून खाल्ला. नर्सला सांगत होते की आयुष्यात असं काही खाल्लं नाही. पुन्हा कधी म्हणून विचारत होते."

मी त्याला स्वयंपाकघराबाहेर ओढून नेऊन सगळं सांगितलं. सासूबाईंसमोर मी त्याला 'अहो' म्हणायचे आणि त्यांच्या पाठीमागे 'अरे'. त्या दिवशी दाराबाहेर मी त्याला जे काही म्हटलं ते दोन्हींत बसणारं नव्हतं. तो भिंतीला टेकून खाली बसला. "म्हणजे मी त्यांना त्यांचाच कप खायला घातला," तो म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना. मला रडू येत होतं.

आम्ही दोघांनी मसलत केली. गोगलगाई पडल्या म्हणून सांगू. चोरीला गेला म्हणून सांगू, प्रदर्शनाआधी मॅरो चोरीला जातातच. तेवढ्यात मागून सासूबाई आल्या. दाराआडून त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "खोटं कशाला बोलायचं? कापला मी, सांगतेही मीच. तू फक्त इंग्लिश कर."

दुसऱ्या दिवशी व्हिजिटिंग अवर्सला आम्ही दोघी वॉर्डात. म्हातारबुवा उशांना टेकून बसले होते. आम्हाला पाहून चेहरा फुलला. "या, या. कसा आहे तो?" हेच पहिलं वाक्य.

सासूबाई म्हणाल्या, "त्याला सांग, तो तुझ्या पोटात आहे."

मी इंग्लिश केलं. जसंच्या तसं केलं, कारण ह्याला गोड करून सांगायला माझ्याकडे शब्दच नव्हते. म्हातारबुवांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, मग खाली आपल्या पोटाकडे.

"काल?"

"काल."

"ते हिरवं तिखट पण?"

"ती त्याची साल."

त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. खिडकीबाहेर हॉस्पिटलचं धुराडं सोडून काही नव्हतं, पण ते तिकडेच बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मोठा माणूस असा आवाज न करता रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. मला इतकं वाईट वाटलं की तिथून पळून जावंसं वाटलं.

बसमध्ये सासूबाई म्हणाल्या, "रडला गं तो. भाजीसाठी कुणी रडतं का?"

तेव्हा मी त्यांना कपाबद्दल सांगितलं. सगळ्यांची नावं कशी आहेत, ह्यांचं कसं नाही, बापाचंही कसं नव्हतं. चांदीच्या भांड्यावर नाव हवं होतं त्यांना, मी म्हटलं.

"भांड्यावर नाव?" सासूबाई एकदम सरळ बसल्या. "एवढंच?"

आता आपल्या घरांत नाव नसलेलं भांडं शोधावं लागतं. लग्नात आलेला तांब्या, मुंजीतली वाटी, मावशीने दिलेलं पातेलं, सगळ्यांवर देणाऱ्याचं नाव आणि घेणाऱ्याचं नाव टोचलेलं असतं. भाऊ वेगळे झाले तर कुठला डबा कुणाचा हे त्यावरून ठरतं. सासूबाईंच्या लेखी भांड्यावर नाव घालणं हे दुकानात उभ्या उभ्या होणारं काम होतं. त्यासाठी कुणी वर्षानुवर्षं मॅरो वाढवत बसतं, हे त्यांना वेडेपणाचं वाटलं आणि त्या माणसाची दयाही आली.

त्या शनिवारी आम्ही बेलग्रेव्ह रोडला गेलो. त्यांनी एक जाड पत्र्याचा स्टीलचा डबा निवडला, घट्ट झाकणाचा. नख लावता येत नव्हतं म्हणून बोटाने वाजवून बघितला. दुकानातला गुजराती मुलगा मशीनच्या सुईने नावं घालायचा. सासूबाईंनी कागदावर मराठीत नाव लिहून दिलं. त्याने ते अक्षरागणिक हुबेहूब उतरवलं, फक्त वरच्या रेघा द्यायचं टाळलं, कारण त्याच्या लिपीत त्या नसतात. सासूबाई डोक्यावर पदर नसलेल्या सुनेकडे बघावं तसं त्या नावाकडे बघत राहिल्या, पण घेतला डबा.

म्हातारबुवा घरी आले ते कुबड्या घेऊन. कुंपणावरून मी हाक मारली, त्यांनी ऐकली नाही. कान शाबूत होते, ऑपरेशन खुब्याचं झालं होतं. सासूबाईंनी त्या नव्या डब्यात भाजी भरली आणि त्यांच्या दाराशी ठेवून आल्या. संध्याकाळी डबा धुऊन-पुसून आमच्या कुंपणाच्या भिंतीवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा भाजी, पुन्हा धुतलेला डबा. मॅरो तोडल्यावर त्या वेलाला भराभर कोवळी फळं लागली होती, त्यांची थालीपिठंसुद्धा गेली. बोलणं बंद आणि खाणं चालू, असे आठवडे गेले. माझ्या माहेरी असे अबोले पुष्कळ झालेले आहेत, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही. पण गाव शांत नव्हतं. पोस्टात, चिप्सच्या दुकानात, मी आत शिरले की बोलणं थांबायचं. लायब्ररीत एक बाई पुस्तक परत करताना म्हणाल्या, "बिचारा. आणि तुमच्यावर विश्वास टाकला होता त्याने." 'तुमच्यावर' म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे मी एकटी नव्हते, बेलग्रेव्ह रोडवरचे यच्चयावत लोक होते. म्हातारबुवा आमच्याशी बोलायचे म्हणून त्या रस्त्यावर बाकीचेही बोलायला लागले होते. आता तेच बोलेनासे झाल्यावर काय होईल, ह्याची मला मनापासून भीती वाटत होती.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी दार वाजलं. म्हातारबुवा, कुबडीवर, हातात डबा. माझ्याकडे न बघता त्यांनी डब्याच्या बाजूवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"तुमचं नाव आहे. आमच्या लिपीत. श्री. लावून. पुढे, 'यांस सप्रेम' असं."

ते त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिले. "आमच्याकडे कुणालाच वाचता येणार नाही हे," ते म्हणाले.

"मला येतं ना," मी म्हटलं.

डबा घेऊन परत गेले. डबा परत करायला आले होते की विचारायला, ते मला कळलं नाही.

प्रदर्शनाला अख्खं गाव लोटलं होतं, शेवटचं म्हणून. मला जायचं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "तोंड लपवायला आपण काय चोरी केलीय?" आणि ठेवणीतली जरीची नऊवारी नेसून, वर तेच करडं स्वेटर घालून पुढे निघाल्या. हॉलमध्ये कांदे, पावटे, डेलियाची फुलं, आणि मधल्या लांब टेबलावर मॅरो. हेडमास्तरांचा मॅरो चांगला लठ्ठ बोकडाएवढा होता. त्याच्या शेजारी पांढऱ्या कागदावर म्हातारबुवांच्या नावाचं कार्ड होतं, आधीच नाव दिलेलं असल्यामुळे. कार्डामागे काही नव्हतं.

वजनं झाली. कप हेडमास्तरांना मिळाला. टाळ्या वाजल्या. आज तो कप लायब्ररीतल्या काचेमागे आहे, आणि तिथे नोकरी करत होते तोवर त्यावरची धूळ मीच पुसायचे. शेवटचं नाव हेडमास्तरांचंच आहे.

टाळ्या थांबल्या तेव्हा म्हातारबुवा कुबडी टेकत टेकत त्या रिकाम्या जागेपुढे येऊन उभे राहिले. लोक बाजूला झाले. हेडमास्तर कप हातात घेऊन त्यांच्याकडे वळले. वर्गात उत्तर माहीत असून विचारावं, तशा आवाजात, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ते म्हणाले, "आणि ह्या वर्षी तुमच्या मॅरोचं काय झालं? लोक काय काय बोलतात."

सगळे आधी म्हातारबुवांकडे बघत होते, मग आमच्याकडे बघायला लागले. सासूबाईंची जरी त्या हॉलमध्ये लांबून दिसत होती. मी त्यांचा हात धरला. म्हातारबुवांनी नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं, आणि त्यांचं त्यात काही चुकलंही नसतं.

त्यांनी कपाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, वरपासून खालपर्यंत, सगळी नावं वाचल्यासारखं.

"माझा मॅरो?" ते म्हणाले. "खाल्ला मी."

कुणीतरी मागे हसलं.

"खाल्ला?" हेडमास्तर म्हणाले.

"सालीसकट," म्हातारबुवा म्हणाले. "बापाच्या वेळेपासून लावतोय, चव काय असते ते ह्या वर्षी कळलं. तुम्ही खाल्लाय कधी तुमचा?"

हेडमास्तरांच्या एका हातात कप होता आणि दुसरा हात त्या बोकडाएवढ्या मॅरोवर होता. हॉलमध्ये एव्हाना हसणं पसरलं होतं, आणि मला बघून पोस्टात गप्प होणारी माणसंसुद्धा हसत होती. म्हातारबुवा मात्र हसत नव्हते. कुबडी त्यांनी घट्ट धरलेली होती.

सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. "काय म्हणाला गं तो?"

"खाल्ला म्हणाले. स्वतःच खाल्ला म्हणाले, आई."

डोळ्यांना पदर लावून त्या म्हणाल्या, "विचार त्याला, उद्या डब्याला काय करू?"